पश्चात्ताप झाला म्हणजे नेमकं काय झालं?

वेण्णाकाठचा (सातारा)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे सांभाळून घ्या. आमच्या गावात (सातारा तालुका, नाव नको) दरवर्षी सप्ताह असतो. यंदा काल्याच्या आदल्या रात्री कीर्तनात अनुतापाचा विषय निघाला, महाराज रंगात आले आणि आमच्या भावकीतले एकजण उठून त्यांच्या पायावर डोकं ठेवून ढसाढसा रडायलाच लागले, मी लई लोकांना त्रास दिला, मला पश्चात्ताप झालाय म्हणून. दुसऱ्या दिवशी काल्याच्या पंगतीचा सगळा खर्च त्यांनी उचलला. गाव एकदम खूश.

आता मेख अशी आहे की ह्याच माणसानं वर्षानुवर्षं बांध कोरून कोरून शेजारच्या दोन-तीन घरांची जमीन आत घेतलीय, त्यात आमचं पण रान आहे, आणि एवढ्या रडण्यात त्या बांधाबद्दल एक अक्षर नाही. विषय काढला की म्हातारी माणसं म्हणतात अरे त्याला पश्चात्ताप झालाय ना, आता कशाला उकरून काढताय.

मला इथं भांडणाचा सल्ला नकोय. मला समजून घ्यायचंय की पश्चात्ताप ही नुसती मनातली गोष्ट आहे का त्यात काही करावं पण लागतं? आणि शब्द तरी किती, पस्तावा, अनुताप, उपरती, प्रायश्चित्त, तौबा. हे सगळं एकच का वेगवेगळं? इथं सगळ्या धर्माची माणसं आहेत म्हणून इथं टाकतोय.

वाईचा_घाट

आधी शब्द. पश्चात् अधिक ताप, म्हणजे मागाहून होणारी आग, म्हणून दोन त. पेपरवाले सुद्धा एक त खातात, हा माझा जुना राग आहे तो असो. अनुताप म्हणजे तेच, अनु म्हणजे मागून. पस्तावा हा घरात वापरायचा शब्द पण त्याला पाप लागतंच असं नाही, कांदा विकला आणि आठ दिवसांनी भाव चढला तरी माणूस पस्तावतो. उपरती म्हणजे मुळात थांबणं. आणि प्रायश्चित्त ही भावनाच नाही, ती कृती आहे. प्राय म्हणजे तप आणि चित्त म्हणजे निश्चय अशी जुन्या टीकाकारांनी फोड केलीय. याज्ञवल्क्य स्मृतीचे तीन भाग आहेत, आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त, अख्खा तिसरा भाग ह्यालाच दिलाय. (आमच्या वाईला प्राज्ञपाठशाळेत धर्मकोशाचं काम झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वगैरे, त्यामुळं हे शब्द इथं जरा जास्तच कानावर पडतात.)

आता तुमच्या मुद्द्याचं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटायचे मार्ग दिलेत, पाप लोकांना उघड सांगणं, अनुताप, तप, अध्ययन, आणि दान पण चालतं असं म्हटलंय पण ते 'आपदि', म्हणजे बाकीचं जमत नसेल, अडचण असेल तेव्हा. म्हणजे तुमच्या पाहुण्यांनी पंगत घातली ती यादीतली शेवटची सवलत वापरली असं म्हणू. तिथंच पुढं सांगितलंय की पाप करून मनाला ताप झाला की माणूस त्या पापातून सुटतो खरा, पण 'असं पुन्हा करणार नाही' म्हणून त्यापासून बाजूला होतो तेव्हा शुद्ध होतो. मराठीत ह्याला आपण कानाला खडा लावणं म्हणतो.

आणि गंमत म्हणजे त्याच अध्यायात दुसऱ्याचं शेत, घर, विहिरीचं पाणी बळकावणाऱ्याला थेट प्रायश्चित्त आहे, चांद्रायण. पौर्णिमेला पंधरा घास, मग रोज एक घास कमी, अमावस्येला पूर्ण उपास आणि मग परत रोज एकेक वाढवत पौर्णिमेपर्यंत. लगेच पुढं किरकोळ वस्तूंच्या चोरीचं आलंय, त्यात स्पष्ट अट आहे की वस्तू परत करून मग कृच्छ्र म्हणजे उपासाचं कडक व्रत करायचं. आता किरकोळ वस्तू जर परत द्यायची तर जमीन ठेवून घ्यायची असं कुठला शास्त्री म्हणेल?

कोरडवाहू_माणदेश

एवढं कशाला राव. भूमी अभिलेखला मोजणीचा अर्ज टाका, पैसे भरा, तारीख घ्या. पश्चात्ताप खरा असला तर पाहुणं स्वतः खुणा दाखवायला बांधावर येत्यात, नसला तर त्या दिवशी नेमकं आजारी पडत्यात. लगेच कळतंय.

वेण्णाकाठचा (सातारा)

😂 मोजणीचं बघतोय हो दादा, पण प्रश्न तो नव्हता.

तंतुवाद्य_मिरज

सलाम. आमच्याकडचं सांगतो, मी आलिम म्हणजे धर्मपंडित वगैरे नाही, सतारीच्या कारखान्यात काम करणारा माणूस आहे, पण लहानपणी मदरशात घोकून घेतलंय तेवढं पक्कं आहे. तौबा म्हणजे अरबीत मुळात परत फिरणं, लांब गेलेला बंदा अल्लाहकडं परत वळतो. मराठीत तोबा तोबा म्हणजे कान पकडून बाई गं काय हे अशातलं झालंय, ते वेगळं. तौबेच्या अटी आहेत. गुनाह तिथल्या तिथं सोडायचा, मनापासून नदामत म्हणजे लाज वाटली पाहिजे, आणि पुन्हा करायचं नाही असा पक्का इरादा. हे झालं अल्लाह आणि बंदा यांच्यातल्या गोष्टीबद्दल, नमाज चुकली वगैरे.

पण ज्यात दुसऱ्या माणसाचा हक मारलाय तिथं अजून एक अट लागते, ज्याचा घेतला त्याला परत द्यायचा नाहीतर त्याच्याकडून माफ करून घ्यायचा. हक्कुल इबाद म्हणतात त्याला, बंद्यांचे हक. ते अल्लाह आपल्या बाजूनं परस्पर माफ करत नाही असंच आम्हाला शिकवलंय. एक हदीस आहे, पैगंबरांनी विचारलं मुफलीस म्हणजे दिवाळखोर कोण, लोक म्हणाले ज्याच्याकडं पैसा नाही तो. तर म्हणाले नाही, जो नमाज रोजे जकात सगळं घेऊन येईल पण कुणाला शिवी दिलीय, कुणाचा माल खाल्लाय, कुणाला मारलंय, त्याच्या नेक्या म्हणजे पुण्यं उचलून त्या लोकांना वाटल्या जातील आणि नेक्या संपल्या की त्यांची पापं ह्याच्या डोक्यावर टाकली जातील. लहानपणी हे ऐकलं की अंगावर काटा यायचा.

तुमच्या भावकीतल्यांनी पंगत घातली ते चांगलंच केलं, पण हिशोब वेगळ्या वहीतला आहे.

हळद_मार्केट (सांगली)

आम्हा जैनांकडं भाद्रपदात दशलक्षण पर्व असतं, पंचमीपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, सुरुवातच उत्तम क्षमा ह्या धर्मानं होते आणि पर्व संपलं की क्षमावाणी. श्वेतांबर लोकांचं पर्युषण आधी असतं आणि त्यांची संवत्सरी झाली की मिच्छामि दुक्कडम् म्हणतात, माझं दुष्कृत्य मिथ्या होवो असा अर्थ. सांगली कोल्हापूर पट्ट्यात आम्ही बहुतेक दिगंबर, शेतकरी माणसं, पण आता व्हॉट्सअपमुळं सगळेच मिच्छामि दुक्कडम् पाठवतात. आणि पाठवतात कुणाला तर ज्यांच्याशी कधी भांडण झालंच नाही अशा चारशे लोकांना एकदम. ज्याच्याशी कोर्टात दावा चालूय त्याला सोडून. हे मी दरवर्षी बघतो.

शास्त्रात मात्र ते असं स्वस्त नाहीये. तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्त हे अंतरंग तपात पहिलं धरलंय आणि त्याचे नऊ प्रकार सांगितलेत. पहिला आलोचना, म्हणजे गुरूसमोर दोष जसाच्या तसा, काही न लपवता सांगणं. दुसरा प्रतिक्रमण, म्हणजे जिथून पाय वाकडा पडला तिथवर मागं येणं. मग पुढं वाढत वाढत तप, छेद म्हणजे मुनीची दीक्षेची वर्षंच कमी करणं (सिनियॉरिटी कापतात म्हणा ना), परिहार म्हणजे संघाबाहेर ठेवणं आणि शेवटी उपस्थापना, नव्यानं दीक्षा. म्हणजे दोष केवढा त्यावर ठरतं. नुसत्या 'मी लई लोकांना त्रास दिला' ह्याला आलोचना म्हणत नाहीत. कुणाला, काय, किती हे सांगावं लागतं. मोघम कबुलीत माणूस सुटतो कारण मोघम कबुलीवर कोण काय बोलणार.

तासगावचा_वाचक

वाईकर, तुम्ही मनुस्मृतीचा अकरावा अध्याय काढलाय तर अर्धा नका काढू. तिथंच खुनाचं प्रायश्चित्त पण दिलंय आणि ते मेलेला कोण ह्यावर ठरतं. ब्राह्मण मेला तर पूर्ण, क्षत्रिय मेला तर त्याचा चौथा हिस्सा, वैश्य असेल तर आठवा आणि शूद्र असेल तर सोळावा. म्हणजे पश्चात्तापाचा पण रेट लावलेला. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांच्या उपस्थितीत तो ग्रंथ उगाच नाही जाळला. शेत परत द्यायला तो ग्रंथ उघडायची गरज नाही एवढंच म्हणायचंय.

आता बुद्धाकडं काय आहे ते. इथं मला स्वतःला पण सुरुवातीला आश्चर्य वाटलं होतं. ध्यानाच्या वाटेवरचे पाच अडथळे सांगितलेत, नीवरण, त्यात एक उद्धच्च-कुक्कुच्च आहे, म्हणजे मनाची चलबिचल आणि मागच्या गोष्टीची टोचणी. म्हणजे सतत पस्तावत बसणं हा सद्गुण नाही, तो अडथळा धरलाय! पण म्हणून सोडून द्या असं नाही. भिक्खूंना उपोसथाच्या (संघ एकत्र जमण्याच्या) दिवशी पातिमोक्ख म्हणजे संघाचे नियम म्हणायच्या आधी आपला दोष दुसऱ्या भिक्खूला सांगून मोकळं व्हावं लागतं, आणि वर्षावास संपला की पवारणा, त्यात भिक्खू स्वतः संघाला विनंती करतो की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं, ऐकलं असेल किंवा शंका असेल तर सांगा. बघा फरक, तुमच्या सप्ताहात माणूस स्वतःच ठरवून स्वतःचं रडला. इथं दोष सांगायचा अधिकार समोरच्यांना दिलाय. पाहुण्यांना म्हणावं करा पवारणा, बसा पारावर आणि विचारा गावाला.

अंगुलिमालाची, म्हणजे माणसं मारणाऱ्या दरोडेखोराची, गोष्ट सगळ्यांना माहितीय पण अर्धीच सांगतात. तो भिक्खू झाल्यावर भिक्षेला गेला की लोकांचे दगड लागून डोकं फुटायचं, चीवर फाटायचं. बुद्ध त्याला म्हणाले सहन कर. लोकांना माफ करा म्हणून सांगायला नाही गेले. माफ करायचं ओझं ज्यांना मार बसला त्यांच्यावर टाकायचं हे आपल्याकडच्या म्हाताऱ्यांचं काम.

वाईचा_घाट

मान्य आहे, सोळावा हिस्सा आहे तिथं, नाकारत नाही. मी फक्त एवढंच दाखवत होतो की ज्या ग्रंथाच्या जोरावर दानधर्म केला की झालं असं लोकांना वाटतं त्यात सुद्धा तसं नाहीये.

प्रीतिसंगम_कराड

रामकृष्णहरी. सगळ्यांनी मिळून अनुतापाला फारच खाली आणलंत म्हणून लिहितोय. वारकऱ्याला अनुताप म्हणजे काय हे तुकोबांनी सांगितलंय, अनुतापें दोष जाय न लगतां निमिष. क्षणात जातो. त्याच अभंगात हेंचि प्रायश्चित्त असंही आहे. ह्याला कारण आहे, त्या काळात प्रायश्चित्त म्हणजे ब्राह्मणभोजन, दक्षिणा, गोदान, गरिबानं करायचं काय? संतांनी ते दार मोकळं केलं. ज्याच्याकडं काहीच नाही त्याला पण परत यायची वाट ठेवली. हे लहान काम नाही.

पण कीर्तनकार मंडळी पहिली ओळ म्हणतात आणि टाळ वाजवतात, पुढच्या ओळीत म्हटलंय की तो अनुताप आधीपासून शेवटपर्यंत टिकून राहिला तरच भला. काल्याच्या आदल्या रात्री आला आणि पंगतीबरोबर उठला तर तो तो नव्हे. स्वतः तुकोबांनी काय केलं सांगतात, घरातली कर्जखतं काढली, भावाचा अर्धा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. दुसऱ्याचं घेतलेलं नव्हतंच ते, स्वतःचं हक्काचं येणं सोडलं. आणि आपण दुसऱ्याचा बांध पण सोडीना.

समर्थांचं पण बघा, तुम्हाला सज्जनगड तर डोळ्यासमोर. दासबोधात बद्ध, मुमुक्षु, साधक, सिद्ध अशा पायऱ्या आहेत. मुमुक्षु म्हणजे ज्याला पश्चात्ताप झाला तो, स्वतःचे दोष एकेक करून मोजतो. पण तो दुसऱ्याच पायरीवर आहे हे लक्षात घ्या, गाव त्याला लगेच सिद्ध करून टाकतंय.

जुनं_मिशन_कंपाउंड (मिरज)

मी ख्रिस्ती आहे, आमच्या चर्चमध्ये पश्चात्ताप हा शब्द दर रविवारी येतो म्हणून लिहितेय. मराठी बायबलमध्ये पश्चात्ताप करा असं जिथं आहे तिथं मूळ ग्रीकमध्ये मेटानोया आहे, त्याचा अर्थ मन बदलणं, विचारच फिरणं. त्यात ताप नाहीच. आणि त्याच्याही मागं हिब्रूत शूव, म्हणजे मागं वळणं, वर मिरजेच्या भाऊंनी तौबाचं सांगितलं त्याच्याशी जुळतं. येशूला धरून देणारा यहूदा नंतर हळहळला, पैसे पण टाकून आला, पण तिथं ग्रीकमध्ये ते मेटानोयाचं क्रियापद नाही, दुसरं वापरलंय, नुसतं वाईट वाटण्याचं. त्यानं पुढं जीव दिला.

ह्या एका शब्दावरून युरोपात केवढं झालं. लॅटिन बायबलमध्ये त्याचं भाषांतर असं होतं की लोक त्याचा अर्थ प्रायश्चित्त करा असा घ्यायचे, मग पाद्रीकडं कबुली, त्यानं दिलेली शिक्षा, आणि पुढं पुढं पैसे भरून शिक्षा कमी करून देणारी माफीपत्रं. इरास्मस नावाच्या विद्वानानं १५१६ ला ग्रीक नवा करार छापला आणि १५१७ ला लूथरनं जे ९५ मुद्दे मांडले त्यातला पहिलाच हा की प्रभूनं पश्चात्ताप करा म्हटलं ते अख्ख्या आयुष्याबद्दल म्हटलं. पण माझ्या मते लूथरच्या वाटेनं गेलेल्या प्रॉटेस्टंट लोकांची उलटी अडचण झाली, सगळं मनातच राहायला लागलं. तुम्ही जक्कयाची गोष्ट वाचा, लूकच्या १९ व्या अध्यायात आहे. जकातदारांचा मुखिया, ठेंगू, झाडावर चढून बसलेला. येशू त्याच्या घरी गेला तर तो उभा राहून काय म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि कुणाचं लबाडीनं घेतलं असेल तर चौपट परत करतो. येशूनं मग म्हटलं आज ह्या घराला तारण झालं. आधी आकडा आला मग तारण. रडल्याचा तिथं उल्लेखच नाही.

यहुदी लोकांत तर लिहूनच ठेवलंय, योम किप्पूर ह्या त्यांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या उपासानं देवाविरुद्धची पापं फिटतात, शेजाऱ्याविरुद्धची नाही, शेजाऱ्याची समजूत काढेपर्यंत. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी हा सण घराची दारं बंद करून पाळायचे.

संगम_माहुली

सगळ्यांचं वाचलं, भारी. पण एक बाजू राहिली. प्रायश्चित्त झालं आणि पश्चात्ताप नाहीच, असं पण आपल्याकडं भरपूर झालंय. पुण्याच्या पंचहौद ह्या ख्रिस्ती मिशनमध्ये १८९० साली व्याख्यानाच्या निमित्तानं टिळक, रानडे वगैरे बडी मंडळी गेली, चहा-बिस्किटं पुढं आली, नंतर नावं छापून आली आणि ग्रामण्य म्हणजे जातीबाहेर टाकायचा वाद उभा राहिला, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं. रानड्यांना चहात पाप दिसत नव्हतं पण मित्रांची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी पण घेतलं. ह्यात ताप कुठाय? ही फक्त जातीत परत यायची पावती. त्याच्या आधी फलटणच्या बजाजी निंबाळकरांना, नेताजी पालकरांना (१६७६) हिंदू धर्मात परत घेताना शुद्धी केली, तिथं तर माणसावर जबरदस्ती झालेली, पाप त्यानं केलंच नव्हतं, पण समाजात बसायला विधी लागला. जातपंचायतीचा दंड पण त्याच माळेतला, २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आपल्या राज्याला.

म्हणजे आपल्याकडं जुनी रीत अशी की मनात काही असो नसो विधी पाहिजे. आता वारं फिरलंय, मनात आहे म्हणतोय ना मग बाकी काही नको. दोन्हीत ज्याचं नुकसान झालं तो माणूस कुठंच नाही.

आणि आमच्या गावचे रामशास्त्री प्रभुणे. ३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्याचा खून झाला, राघोबादादांनी प्रायश्चित्त विचारलं. शास्त्रीबुवांनी सांगितलं देहान्त प्रायश्चित्त, दुसरं नाही, आणि पुणं सोडून वाईकडं निघून गेले असं परंपरेनं सांगतात. दादासाहेबांना पैसा कमी नव्हता, गावजेवण शंभर घातली असती. शास्त्रीबुवांच्या उत्तराचा अर्थ मी असा घेतो की जे परत देताच येत नाही त्याला स्वस्तातला विधी नाही. बांध परत देता येतो, म्हणून तुमची केस सोपी आहे खरं तर.

कोरडवाहू_माणदेश

माहुलीकर एक नंबर. तरीपण मोजणी आणाच.

वेण्णाकाठचा (सातारा)

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. एक उपप्रश्न विचारतो. ज्यांची जमीन गेली त्यातले एक चुलते वारले. आता ह्यांनी उद्या खरंच परत द्यायचं किंवा माफी मागायची ठरवलं तरी मागणार कुणाकडं? मेलेल्या माणसाची माफी कशी मागायची ह्याबद्दल कुठं काही आहे का?

जुनं_मिशन_कंपाउंड (मिरज)

यहुद्यांमध्ये आहे. दहा माणसं सोबत घेऊन त्याच्या कबरीवर जायचं आणि त्या दहांच्या समोर म्हणायचं की मी देवाचा आणि ह्या माणसाचा अपराधी आहे, आणि काय केलं ते नाव घेऊन सांगायचं. पैसा असेल तर वारसांना द्यायचा.

हळद_मार्केट (सांगली)

दहा माणसं! म्हणजे आलोचनाच झाली की, गुरूच्या जागी दहा साक्षीदार.

तंतुवाद्य_मिरज

आमच्यात माल असेल तर वारसांना पोचता करायचा, ते अनिवार्य, त्याला वय नाही की मुदत नाही. वारस कोण ते शोधूनही सापडत नसेल तर तेवढी रक्कम मूळ मालकाच्या नावानं सदका म्हणजे दान करायची, म्हणजे त्याचा सवाब (पुण्य) त्या मेलेल्या माणसाला जातो, देणाऱ्याला नाही, देणारा फक्त देण्यातून सुटतो. आणि दिल्यानंतर कधी वारस उभा राहिला आणि म्हणाला मला माझं पाहिजे, तर त्याला पुन्हा द्यावं लागतं असं ऐकलंय. ते नक्की कसं ते शुक्रवारी मौलाना साहेबांना विचारून टाकतो इथं.